वाचक विचारतात : बॅकस्ट्रोकवाल्या मुलीचं पुढं काय?

मे महिना आला की टँकवर नव्या मुलांची रांग लागते आणि या सदराकडे पोहण्याची पत्रं येतात. यंदा त्यातली बरीचशी बॅकस्ट्रोकची, म्हणजे पाठीवर पोहण्याची निघाली. संपादकांनी तो गठ्ठा माझ्याकडे सरकवला, कारण माझं आयुष्य त्यातच गेलंय. वाईकडच्या आमच्या विहिरीत पाठीला पांगऱ्याचा ओंडका बांधून शिकले, पुढं राज्याकडून आणि मग नोकरीतल्या खात्याच्या संघाकडून बॅकस्ट्रोक पोहले, आणि आता पुण्यात पोरांना शिकवते. पहिल्या पत्राचं उत्तर फार लांबलंय. बाकीच्यांनी राग मानू नये.

मॅडम, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. विभागीय स्पर्धेत १०० मीटर बॅकस्ट्रोकला पहिली आली. इथले कोच म्हणतात, आता फक्त बॅकस्ट्रोक करायचा, बाकीचे स्ट्रोक बंद. शाळा नावाला ठेवा आणि पोरीला पुण्याला हलवा. मी एसटीत वाहक आहे. बॅकस्ट्रोकवर आयुष्य उभं राहतं का? गोड बोलू नका, खरं सांगा.
*— एक वडील, सोलापूर*

दादा, खरं सांगायचं तर नुसत्या पोहण्याच्या कमाईवर घर चालवणारे जलतरणपटू आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. पण तुमच्या पत्रातलं मला खटकलं ते पैशाचं नाही. 'फक्त बॅकस्ट्रोक' हे खटकलं.

कर्स्टी कॉव्हेंट्रीचं नाव हल्ली बातम्यांत येतं ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची अध्यक्ष म्हणून. मला ती आठवते ती पाण्यात. झिंबाब्वेची, जन्म १९८३, हरारे. २००० साली सिडनी ऑलिम्पिकला गेली तेव्हा शाळकरी पोर होती. पुढं अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, ऑबर्न विद्यापीठात शिकायला गेली आणि तिथल्या संघाकडून पोहली. २००४ च्या अथेन्सला २०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण, १०० मीटरचं रौप्य. २००८ च्या बीजिंगला १०० मीटरच्या उपांत्य फेरीत तिनं ५८.७७ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि अंतिम फेरीत अमेरिकेची नॅटली कॉफलिन ५८.९६ मध्ये तिच्यापुढं गेली. विश्वविक्रम हिचा, सुवर्ण तिचं. असं झाल्यावर माणूस चार दिवस अंथरुणातून उठणार नाही. हिनं त्याच आठवड्यात २०० मीटर २ मिनिटं ५.२४ सेकंदांत मारून सुवर्णही नेलं आणि विश्वविक्रमही.

आता तुमच्या कोचांना हे विचारा. कॉव्हेंट्रीची ऑलिम्पिक पदकं सात. त्यातली बॅकस्ट्रोकची किती? चार. उरलेली तीन वैयक्तिक मेडलीची आहेत, म्हणजे बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्री असे चारही स्ट्रोक एकापाठोपाठ पोहायची शर्यत. हंगेरीच्या क्रिस्टिना एगरसेगीनं १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिम्पिकला २०० मीटर बॅकस्ट्रोक जिंकला, पहिल्यांदा जिंकली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आणि तिनंही १९९२ ला बार्सिलोनात ४०० मीटर मेडलीचं सुवर्ण घेतलंय. ऑस्ट्रेलियाची केली मॅककियॉन टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही वेळा १०० आणि २०० बॅक जिंकली. पॅरिसला तिच्याकडे २०० मेडलीचं कांस्यही आहे. या बायका बॅकस्ट्रोकच्या राण्या आहेत, पण नुसत्या बॅकस्ट्रोकवर वाढलेल्या नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीचे तीन स्ट्रोक बंद करणारा माणूस पुढच्या वर्षीच्या पदकाकडे बघत असतो. तिच्या विसाव्या वर्षाकडे त्याचं लक्ष नसतं.

दुसरं कारण खांद्याचं. हात डोक्यामागून पाण्यात घालायचा, करंगळी आधी, आणि मग अख्खं अंग त्या हातावरून पुढं ओढायचं. एका सरावात हे हजारो वेळा होतं, तेही दर वेळी त्याच खोबणीत. मधे ब्रेस्टस्ट्रोक आला, किकचा सेट आला की खांद्याला विसावा मिळतो. नाही आला तर दुखणं धरतं. अमेरिकेच्या मिसी फ्रँकलिननं लंडन २०१२ ला सतराव्या वर्षी दोन्ही बॅकस्ट्रोक जिंकले, रिले धरून चार सुवर्णं घेतली. २०१६ च्या रिओत तिला २०० मीटर बॅकच्या अंतिम फेरीतही पोहोचता आलं नाही. पुढं दोन्ही खांद्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि २०१८ च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली, खांद्यामुळेच, वय तेवीस. तिचं प्रशिक्षण काही वाईट नव्हतं हो. जगातलं उत्तम मिळूनही हे होतं, तर आपल्याकडे, जिथं टँकवर फिजिओ नावाचा प्राणी दिसत नाही, तिथं किती जपायला हवं! माझा उजवा खांदा आजही दांडीवर ओली चादर टाकताना आवाज करतो. माझ्या तर गळ्यात ऑलिम्पिकचं काही नाही.

आपल्या माना पटेलचंही बघा. अहमदाबादची मुलगी, शाळेत असतानाच देशात नाव झालेलं. मग खांदा गेला, मोठा काळ पाण्याबाहेर काढावा लागला. परत आली, मुंबईत पीटर कार्सवेल या परदेशी कोचकडे सराव केला आणि टोकियोला गेली. युनिव्हर्सॅलिटी कोट्यातून गेली हे खरं, म्हणजे ज्या देशाची एकही मुलगी थेट पात्रतेची वेळ देत नाही त्याला मिळणारी जागा. पण त्या ऑलिम्पिकला पोहलेली ती भारताची एकटी मुलगी होती. तिथं तिनं १०० मीटर बॅकला १ मिनिट ५.२० सेकंद घेतली.

मुलांमधे आपला श्रीहरी नटराज, बंगळुरूचा. १०० मीटरची टोकियोसाठीची थेट पात्रता ५३.८५ सेकंद होती आणि जून २०२१ मध्ये रोमला त्यानं ५३.७७ दिले. आठ शतांश सेकंद आत. डोळ्याची पापणी मिटायला याहून जास्त वेळ लागतो. जगाचा विक्रम इटलीच्या थॉमस चेक्कोनचा, ५१.६०. म्हणजे आपला सगळ्यात चांगला मुलगा जगातल्या सगळ्यात चांगल्या वेळेपासून दोन सेकंद मागं, आणि १०० मीटरमधे दोन सेकंद म्हणजे अंगाच्या दोन लांब्या सहज. हे सांगतेय ते तुमचा उत्साह मोडायला नाही. नेमकं किती अंतर आहे ते आईबापांना ठाऊक हवं, एवढंच.

आता आयुष्य उभं राहण्याचं. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. रेल्वे, पोलीस, सैन्यदल पोहणाऱ्यांना घेतात. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य घेऊन आला आणि राज्य शासनात तहसीलदार झाला. हे सगळं प्रमाणपत्रांवर चालतं, तेव्हा प्रत्येक प्रमाणपत्र जपा. स्पर्धा शासनमान्य होती का, कागदावर वर्ष, गट, क्रमांक आणि सही नीट आहे का, हे घरी यायच्या आधी तिथंच बघून घ्या. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन सध्याचे नियम वाचून या, कारण शासन निर्णय बदलत असतात आणि टँकवरच्या गप्पांत जुनेच फिरत असतात.

आणि शाळा? शाळा नावाला ठेवू नका. रोलांड माथेस नावाचा पूर्व जर्मनीचा पोहणारा होता, एरफुर्टचा. १९६८ आणि १९७२, दोन्ही ऑलिम्पिकला १०० आणि २०० बॅकस्ट्रोक त्यानंच जिंकले. १९६७ ते १९७४ अशी जवळजवळ सात वर्षं बॅकस्ट्रोकमधे त्याला कुणी हरवलंच नाही. कोच होत्या मार्लिस ग्रोहे, एक बाई, हे मी आमच्या संघटनेतल्या काही लोकांना मुद्दाम सांगते. शेवटी १९७६ ला मॉन्ट्रियलला अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन काही आठवडेच झालेले असताना पोहला आणि १०० मीटरचं कांस्य घेतलं. जगातला तेव्हापर्यंतचा सगळ्यात मोठा बॅकस्ट्रोकर, आणि पुढं काय झाला? हाडांचा डॉक्टर. २०१९ मधे गेला. त्याच्या आयुष्यातली पोहण्याची वर्षं मोजली तर डॉक्टरकीची त्याहून जास्त भरतील.

कॉव्हेंट्रीचंही तसंच. २०१२ आणि २०१६ ला तिला पदक मिळालं नाही, तरी ती पाचवं ऑलिम्पिक पोहली आणि रिओत २०० च्या अंतिम फेरीत होती. २०१८ ला आपल्या देशात क्रीडामंत्री झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईत ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन भरलं होतं, ते क्रिकेटला ऑलिम्पिकमधे घेतलं म्हणून आपल्याकडे गाजलं. त्या समितीची ती तेव्हाच सदस्य होती. २० मार्च २०२५ ला ग्रीसमधे अध्यक्षपदाची निवडणूक झाली, ९७ पैकी ४९ मतं पहिल्याच फेरीत. पहिली बाई आणि आफ्रिकेतली पहिली व्यक्ती. झिंबाब्वेला आजवर ऑलिम्पिकची आठच पदकं आहेत, त्यातली सात हिची. आठवं १९८० च्या मॉस्कोला त्यांच्या बायकांच्या हॉकी संघानं मिळवलं. त्या स्पर्धेत आपल्या मुली चौथ्या आल्या होत्या, हे कुणाला आठवत नाही.

तुमच्यासाठी माझं म्हणणं असं. पोरीला दोन वर्षं घरीच ठेवा. चारही स्ट्रोक चालू राहू द्यात, स्पर्धेत एक मेडली हवीच. उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर ५० मीटरच्या टँकवर सरावाला पाठवा, बालेवाडीला किंवा जिथं नातेवाईक असतील तिथं. पंधराव्या वर्षी उंची थांबत आली, शर्यतीची वेळ कमी होत राहिली आणि तिचं तिलाच वाटलं, तर हलवायचं बघा. आणि खांदा दुखतो म्हणाली तर त्या दिवशी हाताचं काम बंद, नुसती किक. कोच रागावले तर माझं नाव सांगा.

ताई, मी बॅकस्ट्रोक पोहताना भिंतीवर डोकं आपटतो. एकदा टेंगूळ आलं. आता भीतीनं शेवटी हळू होतो आणि मागं बघतो, म्हणून सर ओरडतात. भिंत दिसतच नाही तर काय करू?
*— इयत्ता नववी, नाशिक*

तुझे सर बरोबर ओरडतात. मान मागं वळवलीस की कंबर खाली जाते, आणि कंबर गेली की पाय ओढत न्यावे लागतात. भिंत बघायचीच नसते, हात मोजायचे असतात.

टँकवर दोरीला बांधलेल्या रंगीत पताका असतात ना, त्या दोन्ही भिंतींपासून पाच मीटरवर असतात, पाण्यापासून सुमारे १.८ मीटर उंच. पताका डोळ्यांवरून गेली की तिथपासून भिंतीपर्यंत तुझे किती हात होतात ते मोज. मोठ्या माणसांचे चार-पाच होतात, तुझे जास्तही होतील. स्पर्धेच्या वेगानं मोजायचं, आरामात पोहताना नाही, कारण वेग वाढला की आकडा बदलतो. उंची वाढली की पुन्हा बदलतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोज.

टर्नच्या वेळी तू भिंतीआधी पालथा होऊ शकतोस. १९९१ पर्यंत पाठीवर असतानाच भिंतीला हात लावावा लागायचा, आता नाही. पण पालथं झाल्यावर हाताची एकच सलग ओढ आणि लगेच कोलांटी. पालथा होऊन किक मारत तरंगत राहिलास तर बाद. भिंत सोडताना पुन्हा पाठीवर. शर्यत संपवताना मात्र पाठीवर राहूनच भिंतीला हात लावायचा; तिथं पालथं चालत नाही. २०२३ पासून शेवटच्या पाच मीटरमधे अंग पूर्ण पाण्याखाली गेलं तरी चालतं, त्यामुळे मोठे खेळाडू शेवटी झेप घेताना दिसतील. ते बघून तू लगेच करू नकोस. आधी टेंगूळ जाऊ दे.

आणि एक. नव्या गावी स्पर्धेला गेलास की आधी पताका नीट आहेत का ते बघ. एका टँकवर दोरी शिडीला बांधलेली मी पाहिली आहे, पाच मीटर सोडा, चारही नव्हते, आणि सकाळच्या पहिल्या हीटमधे, म्हणजे प्राथमिक फेरीच्या शर्यतीत, सगळी मुलं मोजणी चुकून भिंतीत. वडिलांकडून टेप मागून घे आणि मोज. पंच हसतील. हसू देत. आपल्याकडचे बहुतेक टँक उघड्यावरचे आहेत, वर छत नाही की सरळ जायला रेघ मिळेल. डोळ्याच्या कोपऱ्यातून लेनची दोरी धरून चाल आणि दुपारच्या उन्हासाठी गडद काचेचा गॉगल घे.

१९८८ चं सोल ऑलिम्पिक मी दूरदर्शनवर पाहिलं होतं. बॅकस्ट्रोकचे खेळाडू सुरुवातीला पाण्याखाली गायब व्हायचे आणि पार अर्ध्या टँकच्या पुढं उगवायचे. आता तसं दिसत नाही. बंदी का आली? आणि माझा नातू श्वास रोखून पाण्याखालून टँक पार करतो, त्याला उत्तेजन द्यावं का?
*— निवृत्त शिक्षक, ठाणे*

सर, तुम्ही माझ्या लाडक्या शर्यतीबद्दल विचारलंत.

पृष्ठभागावर पोहणारा माणूस लाटा उभ्या करतो आणि त्याची बरीच ताकद त्या लाटांतच जाते. हातभर खाली गेलं की लाटा होत नाहीत. दोन्ही पाय जोडून कमरेपासून चाबकासारखी किक मारली तर खालून माणूस वरच्यापेक्षा वेगानं जातो. हे आधीही काहींना ठाऊक होतं, पण हार्वर्डमधे शिकणाऱ्या डेव्हिड बर्कॉफनं ते टोकाला नेलं. तो सुरुवातीचे ३५ मीटरच्या आसपास पाण्याखालीच असायचा. सोलला सकाळच्या हीटमधे त्यानं ५४.५१ चा विश्वविक्रम केला. सगळ्यांनी सुवर्ण त्याच्या गळ्यात घालून टाकलं.

अंतिम फेरीत जपानच्या दायची सुझुकीनं एक केलं. तो एरवी २५ मीटरच्या आसपास वर यायचा. त्या दिवशी ३० मीटरपर्यंत खाली राहिला. बर्कॉफची सुरुवातीची आघाडीच कमी झाली. शेवटी सुझुकी ५५.०५, बर्कॉफ ५५.१८, सोव्हिएत संघाचा इगोर पोलियान्स्की ५५.२०. तिघे पंधरा शतांश सेकंदांत. जपानला जलतरणाचं सुवर्ण सोळा वर्षांनी मिळालं. हाच सुझुकी २०१५ मधे जपानच्या सरकारी क्रीडा संस्थेचा पहिला प्रमुख झाला. सोलापूरच्या दादांनी हेही वाचावं.

त्यानंतर जागतिक जलतरण महासंघाला वाटलं, ही बॅकस्ट्रोकची शर्यत राहिलीच नाही, पाणबुडीची झाली. आधी १० मीटरची मर्यादा आली, १९९१ मधे ती १५ मीटर झाली आणि तीच आजही आहे. म्हणून लेनच्या दोरीवर १५ मीटरला वेगळ्या रंगाची खूण असते. डोकं तिथपर्यंत वर आलंच पाहिजे. पुढं बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइललाही हाच नियम लागला. माझं मत विचाराल तर मर्यादा योग्यच, पण दहाऐवजी पंधरा केली हे त्याहून योग्य. आता जिंकायचं तर ते पंधरा मीटर आणि उरलेलं पृष्ठभागावरचं पोहणं, दोन्ही यावं लागतं.

नातवाचं मात्र थांबवा. भराभर श्वास घेऊन मग रोखून पाण्याखाली गेलं की शरीराला श्वासाची हाक वेळेवर ऐकू येत नाही. मुलगा वर यायच्या आधीच बेशुद्ध होतो, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, बघा कसा छान पोहतोय. चांगल्या पोहणाऱ्यांचे बळी असे गेलेत. पाण्याखालची किक शिकायची तर कोच समोर हवा, अंतर थोडं हवं आणि दोन फेऱ्यांमधे पुरेशी विश्रांती. एकट्यानं किंवा मित्रांशी पैज लावून कधीच नाही. आजोबा म्हणून तुम्ही सांगितलेलं तो ऐकेल.

आमचा नऊ वर्षांचा मुलगा बॅकस्ट्रोक करायला नको म्हणतो. नाकात पाणी जाऊन झोंबतं म्हणतो. नाकाला चिमटा लावू का?
*— आई, अकोला*

लावा, पण आधी हे करून बघा. टँकमधे उभं राहून तोंड मिटायचं आणि नाकातून 'हं' असा बारीक आवाज काढत डोकं मागं टाकायचं. योगवर्गात भ्रामरी करतात तसंच. आवाज चालू आहे तोवर नाकातून हवा बाहेर येते आणि हवा बाहेर येत असेल तर पाणी आत जात नाही. पाण्याखालून जाताना हेच करायचं, वर आलं की सामान्य श्वास. हनुवटी फार वर नको, छातीकडे फार खालीही नको, कान पाण्यात बुडलेले हवेत.

त्याला एक गोष्ट सांगा. शिकागोतला अॅडॉल्फ कीफर नावाचा मुलगा लहानपणी कालव्यात पडला. नाकात पाणी गेलेलं त्याला आवडलं नाही, म्हणून तो पाठीवर पोहायला लागला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला त्यानं १०० मीटर बॅकस्ट्रोक जिंकला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात नौसैनिकांना पोहायला शिकवायचं काम केलं आणि ९८ वर्षांचा होऊन गेला. तुमच्या मुलाला नाकातल्या पाण्यामुळे जो स्ट्रोक नको वाटतोय, तोच कीफरनं नाक वाचवायला धरला होता.

मी एकसष्ट वर्षांची. पाठदुखीसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, त्यातही पाठीवर. पण आडवं झालं की पोटात गोळा येतो. या वयात जमेल का?
*— डोंबिवली*

जमेल. फक्त मानेचं दुखणं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

छातीभर पाण्यात सुरू करा. शिकवणारीचा तळहात डोक्याखाली हवा, कमरेखाली नव्हे. डोकं टेकलं की कंबर आपसूक वर येते. वर आकाशाकडे किंवा छताकडे बघा, पायांकडे बघितलं की बसल्यासारखं होतं. तरंगायच्या आधी उठायला शिका, कारण खरी भीती उठता येणार नाही याचीच असते. गुडघे छातीशी घ्या, हनुवटी पुढं, दोन्ही हात बाजूनं खाली दाबा, पाय तळाला टेकतात. हे नीट जमलं की पोटातला गोळा जातो. आमच्या विहिरीवर सत्तरीचे आबा हाताची घडी घालून पाण्यावर पडून असायचे आणि मुलांना शिव्या द्यायचे. स्पर्धा नाही, घाई नाही. पंधरा मिनिटं पुरे.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा कांपालच्या तलावावर श्रीहरी नटराजला पोहताना पाहिलं आणि मी बॅकस्ट्रोक धरला. आता २०२८ च्या लॉस एंजेलिसला ५० मीटर बॅकस्ट्रोक आहे असं ऐकलं. मग १०० सोडून ५० चीच तयारी करू का?
*— महाविद्यालयीन विद्यार्थी, मडगाव*

ऐकलंस ते खरं आहे. बॅक, ब्रेस्ट आणि बटरफ्लाय या तिन्हीची ५० मीटरची शर्यत एप्रिल २०२५ मधे लॉस एंजेलिससाठी मंजूर झाली. जागतिक स्पर्धेत ५० बॅक २००१ पासून आहे, ऑलिम्पिकमधे मात्र पहिल्यांदाच. गोव्याच्या त्या स्पर्धेत श्रीहरी सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडू ठरला होता, तेव्हा तू योग्य माणूस पाहिलास.

आपल्याला ५० जवळची आहे असं मलाही वाटतं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत श्रीहरी १०० ला सातवा आला आणि ५० ला पाचवा. पण १०० सोडू नकोस. ५० पोहणारे बहुतेक सगळे १०० पोहूनच तयार झालेत, आणि विद्यापीठाच्या संघात निवड होताना दोन शर्यती पोहणाऱ्याला जागा लवकर मिळते. मेडली रिलेची, म्हणजे चौघांनी एकेक स्ट्रोक पोहायच्या शर्यतीची, पहिली फेरीही बॅकस्ट्रोकचीच असते, कारण हा स्ट्रोक पाण्यातून सुरू होतो. मधे ठेवला तर आधीचा खेळाडू भिंतीला येताना पुढचा तिथंच लटकलेला असेल. आणि पहिल्या फेरीची वेळ अधिकृत धरली जाते, तेव्हा चांगलं टायमिंग द्यायची ती एक जादा संधी.

५० मीटरमधे पहिले १५ पाण्याखाली जातात, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश शर्यत स्टार्टवर ठरते. २०१६ च्या रिओपासून ऑलिम्पिकमधे पाय टेकवायला लेज नावाची पट्टी असते, भिंतीवर लटकवलेली. आपल्या बहुतेक टँकवर ती नाही आणि मुलं गुळगुळीत टाइल्सवर पाय रोवून सराव करतात. त्यामुळे वर्षातून काही वेळा तरी जिथं लेज आहे तिथं जाऊन स्टार्ट मारून ये. पट्टी किती खाली लावायची, आपले पाय कुठल्या खाचेला नीट बसतात, हे वहीत लिहून ठेव. स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदाच तिच्यावर पाय ठेवणारी मुलं घसरलेली मी पाहिली आहेत.